पंच, पाठ आणि निकाल : कुस्तीतील वादग्रस्त निर्णयांचा एक धागा

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातील अंतिम कुस्तीत पंचांनी शिवराज राक्षे चितपट झाल्याचे जाहीर केले आणि पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला. आपली पाठ पूर्ण टेकलेली नाही, चित्रण पाहा, असे राक्षेचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. मग त्याने पंचाची कॉलर धरली आणि त्याला लाथ मारली. त्याच संध्याकाळी मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांच्यात किताबाची लढत झाली. अखेरचे काही सेकंद उरलेले असताना गुणाच्या वादावरून गायकवाड आखाडा सोडून निघून गेला. गदा मोहोळला मिळाली आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली.

पुढचे काही दिवस पाठ टेकली की नाही यावर गावोगावच्या पारांवर आणि मोबाइलच्या पडद्यांवर खल चालला. त्या खलात भर घालण्याचा माझा विचार नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. लाथ मारावी इतका अधिकार पंचाच्या हाती आला कधी? आपल्या जुन्या मैदानी कुस्तीत पंच होताच, पण निकाल त्याच्या हातात नव्हता. निदान आज आहे तितका नव्हता. हा बदल कसा घडला, हे पाहायचे तर सातारा-सांगलीच्या मुलखाकडे वळावे लागते. कारण या बदलाची पहिली मोठी झळ ज्याला बसली तो पैलवान कराडजवळच्या गोळेश्वरचा, महाराष्ट्र केसरीची पहिली गदा सांगलीची आणि पंचांविरुद्धचा अलीकडचा सर्वांत कडवट शब्दही सांगली जिल्ह्यातलाच.

आधी शब्दाकडे पाहू. ‘पंच’ हा मराठीत एक शब्द असला तरी त्यात किमान दोन भूमिका दडलेल्या आहेत. पंचायतीतला पंच न्याय देतो. पंचनाम्यातला पंच मात्र न्याय देत नाही. जे दिसले त्याला तो साक्षी राहतो आणि खाली सही करतो. प्रेमचंदांची १९१६ सालची ‘पंच परमेश्वर’ ही कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पंचाच्या जागी बसला की माणूस मैत्री आणि वैर या दोन्हींच्या वर उठतो, असा तिचा विश्वास आहे. पण तो पंच न्यायाधीश आहे. आखाड्यातला पंच मुळात पंचनाम्यातल्या पंचाच्या अधिक जवळचा होता. हजारो डोळ्यांनी जे पाहिले त्यावर शिक्कामोर्तब करणारा तो एक जाणता साक्षीदार असे.

कृष्णाकाठच्या गावांत जत्रेच्या मैदानाची रीत आजही बरीचशी टिकून आहे. नारळाच्या, रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवस कलता कलता पहिल्या नंबरची जोड लागते. साताऱ्याकडे पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, सांगलीकडे कुंडलच्या मैदानात माणसे मिळेल त्या जागी दाटीवाटीने बसतात. हलगी कडाडते, शड्डू ठोकले जातात, हातसलामी होते. मातीत उभे असलेले पंच बहुधा स्वतः कधीकाळी मैदान गाजवलेले वस्ताद असतात. या कुस्तीचा कायदा एका शब्दात मावतो : चितपट. खांदे मातीला लागले, पैलवानाने आस्मान पाहिले की कुस्ती संपली. मधल्या काळात कोणी किती वेळा पट काढला, कोण किती वेळ वर होता, याची वही कोणी ठेवत नसे. पंचाला मोजायचे काही नव्हते. त्याला फक्त पाहायचे होते. आणि तो जे पाहत असे तेच सारे मैदान पाहत असे.

याचा अर्थ जुन्या मैदानात अन्याय नव्हता असा नाही. गतकाळाचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरली जाते. जोड कोणाशी लावायची हे यजमान ठरवत, आणि मोठ्या तालमीचे, मोठ्या आश्रयदात्याचे नाव असलेल्या पैलवानाला सोयीची जोड मिळणे फारसे अवघड नव्हते. नामांकित पैलवान अडचणीत आल्यावर कुस्ती बरोबरीत सोडवली, हा आरोपही मैदानाइतकाच जुना आहे. म्हणजे पंचाकडे खोटा विजय देण्याची ताकद नसली तरी खरा पराभव टाळण्याची ताकद होती. मात्र त्या ताकदीलाही मर्यादा असे. बरोबरीचा निकाल लोकांना पटला नाही तर तीच जोड पुढच्या जत्रेत पुन्हा लागायची. अपुरी राहिलेली कुस्ती पुरी करायला एक पुढचे मैदान कायम शिल्लक असे.

या न्यायाला वेळेचे बंधन नव्हते, आणि हीच त्याची अडचण होती. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि पोलंडचा झबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि तरीही निकाल लागला नाही, कारण झबिस्को बचाव घेऊन खाली पडून राहिला. आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीला तो आलाच नाही आणि विजय गामाचा मानला गेला. ज्याला हरायचे नाही आणि लढायचेही नाही, अशा पैलवानाचे काय करायचे, याचे उत्तर चितपटाच्या कायद्यात नाही. गुणांची पद्धत आली ती या प्रश्नाचे उत्तर म्हणून. ती परक्यांनी आपल्यावर लादलेली लबाडी नव्हती, हे आधी मान्य करायला हवे.

परंतु गुण आले आणि पंचाचे काम मुळापासून बदलले. पाठ टेकणे ही घटना आहे. गुण हा त्या घटनेचा अर्थ आहे. घटना सर्वांना दिसते. अर्थ लावायला नियम माहीत असावे लागतात, कोन आणि क्षण ठरवावा लागतो, कोणाच्या डावामुळे कोण पडला हे ओळखावे लागते. साहित्याच्या अभ्यासकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. साक्षीदार आता भाष्यकार झाला, आणि जिथे भाष्य आले तिथे मतभेद अटळ होता.

खाशाबा दादासाहेब जाधव हे या दोन न्यायांच्या सांध्यावर उभे राहिलेले पैलवान. जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर. वडील पैलवान, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. मातीत तयार झालेला हा तरुण १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम या दोन्ही गोष्टी त्याला नव्या होत्या. तरीही तो फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची संधी मात्र भारतातच, एका गुणावरून, हातची जाण्याची वेळ आली.

मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत अधिकाऱ्यांनी आपल्याला प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक गुण मुद्दाम कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. ती खरी की खोटी हे आज पुराव्याने ठरवणे कठीण आहे. गुणाचा स्वभावच तसा आहे, तो दिला गेला की त्यामागचे कारण हवेत विरते. अधिक महत्त्वाचे आहे ते खाशाबांनी पुढे काय केले हे. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. यादवेंद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. खाशाबांनी त्यांच्याकडे मागितले ते पुन्हा लढण्याची संधी, एवढेच. ती मिळाली आणि निवड चाचणीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून आपली जागा घेतली. एका गुणाच्या वादाला त्यांनी पाठ टेकवून उत्तर दिले. नव्या न्यायाने नाकारलेले त्यांनी जुन्या न्यायाने मिळवले, असेही म्हणता येईल.

जाण्याचा खर्च उभा करणे हा वेगळा आखाडा होता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. इतक्या लोकांचा पैसा आणि विश्वास पाठीशी घेऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत हेलसिंकीला जे घडले ते म्हणूनच अधिक बोचते. बँटमवेट गटात कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे गेले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती दीर्घ चालली आणि ती ते हरले. दमछाक झालेली असतानाच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लगेच लढण्यास त्यांना सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिम्पिक पदक.

मद्रास आणि हेलसिंकी या दोन प्रसंगांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. मद्रासला निर्णय देणाऱ्यांच्या हेतूविषयी तक्रार होती. हेलसिंकीला कोणाच्या हेतूविषयी तक्रार करण्यासारखे काही नव्हते. नियम कागदावर होता, पण तो उच्चारणारा नव्हता. नव्या पद्धतीत न्याय मिळण्यासाठी पैलवानाच्या अंगातली ताकद पुरत नाही. त्याच्या बाजूने नियम जाणणारा, त्या क्षणी तोंड उघडणारा माणूस लागतो. मैदानात हे काम हजारो प्रेक्षक आरडाओरड करून करत होते. गादीवर ते एका अधिकाऱ्याचे काम झाले, आणि तो अधिकारीच जागेवर नव्हता. कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली तेव्हा त्या गर्दीतल्या कितीकांना हा अर्ध्या तासाचा हिशेब ठाऊक असेल?

महाराष्ट्र केसरीची सुरुवात १९६१ साली औरंगाबादला झाली आणि पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाला. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेने या किताबाला जी प्रतिष्ठा दिली तिच्यामागे एक मोठे धोरण होते : मातीवरच्या पैलवानाला गादीची आणि नियमांची सवय लावणे. म्हणूनच स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग राहिले आणि दोन्हींचे विजेते अखेर एकमेकांशी लढू लागले. ही तडजोड शहाणपणाची होती. पण तिच्यात एक फट राहून गेली. मातीवरही गुण मोजले जाऊ लागले, पण माती पाहणाऱ्याची नजर चितपटाचीच राहिली. जुन्या विजेत्यांच्या यादीत काही वर्षांपुढे नावाच्या जागी ‘अनिर्णित’ असा शब्द आहे. मैदानी संस्कारातून आलेला तो शब्द. निकाल लागला नाही, एवढे तो प्रामाणिकपणे सांगतो. आजच्या स्पर्धेला तो शब्द परवडत नाही. कोणाचा तरी हात वर करावाच लागतो.

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडासंकुलात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ असे हरवले. एका गुणाने गदा ठरली आणि साऱ्यांनी ते मान्य केले. म्हणजे गुणांचा निकाल लोकांना मुळातच अमान्य आहे असे नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला मात्र माती विभागातल्या महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या कुस्तीत बाहेरची टांग या डावाला चार गुण दिले गेले आणि वाद पेटला. वाद डाव लागला की नाही याचा नव्हता, त्याची किंमत किती याचा होता. पैलवान थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे वळून पडला, तर चार गुण. तसा न पडता नुसता खाली गेला तर त्याहून कमी. हा कोन पंचाने पापणी लवायच्या आत ठरवायचा असतो. घरी बसलेला माणूस तोच क्षण थांबवून, मागे-पुढे करून वीस वेळा पाहतो आणि मग पंचाला आंधळा म्हणतो. त्या वादात पंचाला धमकी आल्याची तक्रारही झाली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला चितपट करून गदा मिळवली, आणि आधीच्या वादाला जणू मातीनेच पूर्णविराम दिला. मात्र त्याच महिन्यात दुसऱ्या संघटनेच्या धाराशिवच्या स्पर्धेत राक्षे महाराष्ट्र केसरी झाला होता. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! ज्या खेळात कोणती संघटना खरी याचाच निकाल लागलेला नाही, तिथे पंचाच्या निकालावर विश्वास कुठून यावा?

अहिल्यानगरच्या प्रकारानंतर सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीचे चंद्रहार पाटील बोलले. २००७ आणि २००८ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले हे मल्ल. २००८ ची गदा तर सांगलीच्याच आखाड्यात जिंकलेली. २००९ मध्ये तिसऱ्यांदा लढताना आपल्यावरही पंचांकडून अन्याय झाला, असे त्यांनी सांगितले आणि दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. पंचाला लाथ काय, गोळ्या घालायला हव्या होत्या, अशा आशयाचे त्यांचे विधान निषेधार्हच होते. त्याचे समर्थन कोणत्याही दुःखाने होत नाही. पण त्या विधानाचा निषेध करून मोकळे होताना एक गोष्ट निसटते. सोळा वर्षांपूर्वीचा एक निकाल एखाद्या माणसाच्या मनात इतका ताजा कसा राहतो? जुन्या मैदानात हरलेला पैलवान पुढच्या जत्रेची वाट पाहत असे. इथे पुढची जत्रा नाही. किताबामागे सरकारी नोकरीची शक्यता असते. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, हे उदाहरण प्रत्येक तालमीत सांगितले जाते. खुराकासाठी घरची जमीन पणाला लावणाऱ्या पोराच्या दृष्टीने एक गुण म्हणजे सगळे आयुष्य असते.

यावर तंत्रज्ञान हा उपाय सुचवला जातो. चित्रण पाहण्याची सोय हवीच, याबद्दल दुमत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान देता येते आणि आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, ही रीत न्याय्य आहे. पण चित्रणाने वाद संपतात ही समजूत भाबडी आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक रग्बी लीगमध्ये चित्रण पाहणारे स्वतंत्र पंच कित्येक वर्षांपासून आहेत. तरीही ६ ऑक्टोबर २०१९ च्या अंतिम सामन्यात मुख्य पंचाने कॅनबेराच्या संघाला चढाईच्या सहा नव्या संधी मिळाल्याची खूण हात वर करून केली आणि क्षणात ती मागे घेतली. पहिली खूण पाहून खेळलेल्या खेळाडूच्या हातून चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला, लगोलग सिडनी रूस्टर्सने गुण केले आणि १४-८ असा सामना जिंकला. नियमाच्या दृष्टीने दुरुस्त केलेला निर्णयच बरोबर होता. तरी कॅनबेराच्या चाहत्यांच्या मनातून तो वर गेलेला हात जात नाही. कारण त्यांची तक्रार चुकीबद्दल नाही. आमच्याशी एक बोलून दुसरे केले, ही ती तक्रार आहे. चित्रणात पाठ दिसेल, चेंडू दिसेल. पंचाचा शब्द मोडला हे दुःख त्यात दिसत नाही.

म्हणून मला वाटते, आपल्याकडची खरी उणीव कॅमेऱ्याची नसून कारणांची आहे. न्यायालय निकाल देते तेव्हा कारणे लिहिते. ती पटोत न पटोत, वाचता येतात आणि पन्नास वर्षांनी तपासताही येतात. समीक्षक एखाद्या कवितेला दुय्यम म्हणतो तेव्हा कारणे देणे त्याचे कर्तव्य मानतो. आखाड्यात एका गुणाने एखाद्याचे आयुष्य वळते, पण तो गुण का दिला याची दोन ओळींची नोंद लोकांपुढे येत नाही. मद्रासच्या त्या एका गुणाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाच्या हाती खाशाबांची तक्रार लागते, देणाऱ्याचे कारण लागत नाही. त्यामुळे पंच प्रामाणिक असला तरी इतिहासात तो आरोपीच्याच पिंजऱ्यात उभा राहतो. कारण न सांगण्याचा सर्वांत मोठा तोटा पैलवानाइतकाच पंचाचाही आहे, हे आपल्या कुस्ती संघटनांच्या ध्यानात यायला हवे.

पंचावर हात किंवा पाय उचलणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात सवलत नाही. पण पैलवानाची तीन वर्षे म्हणजे काय, हेही शिक्षा देणाऱ्यांना माहीत असते. ऐन उमेदीचा काळच मुळी दहा-बारा वर्षांचा. तेव्हा दाद मागण्याची वाट आधी खुली हवी; ती बंद ठेवून केवळ शिस्तीची भाषा करणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. १९५२ साली एका पैलवानाला दाद मागण्यासाठी पतियाळाच्या महाराजांपर्यंत जावे लागले. तो गेला, कारण ऐकून घेणारे कोणीतरी आहे असा त्याला भरवसा होता. आज महाराजे नाहीत. संघटना आहेत, नियमावल्या आहेत, कॅमेरे आहेत. पण मातीतून उठणाऱ्या हरलेल्या पोराला तो भरवसा आहे का, हे विचारावेसे वाटते. खाशाबांना हवी होती ती फक्त आणखी एक कुस्ती.